खाचेतल्या मोटारी आणि पुन्हा गवसलेला छंद

प्रौढ वयात बालपण आठवते ते बहुधा सणावारांच्या, आजोळच्या किंवा एखाद्या खाद्यपदार्थाच्या निमित्ताने. बालपणी आपल्या हातांत असलेले एखादे कसब मात्र क्वचितच आठवते. भोवरा किती वेळ फिरे, गोटी कुठे नेमकी बसे, पतंगाला ढील कधी द्यावी, हे ज्ञान एके काळी बोटांत होते. पुढे त्याच बोटांत वह्या आल्या, मग बिलबुके आली आणि ते ज्ञान केव्हा मावळले याची नोंद कुणी ठेवली नाही. सुज्ञ वाचकहो, या वेळी ज्या छंदाविषयी लिहावयाचे आहे तो आपल्या अंगणातला नाही. तो इंग्लंडच्या दिवाणखान्यांत वाढला. तथापि त्याची कथा व्यापारी घराण्यांना दोन कारणांसाठी जवळची वाटेल: तीत एका धंद्याचा चढउतार आहे, आणि कामातून मोकळ्या होऊ लागलेल्या माणसांनी रिकाम्या हातांचे काय करावे, या प्रश्नाचे एक साधे उत्तरही आहे.

या छंदाचे नाव ‘स्लॉट कार रेसिंग’, म्हणजे खाचेतून धावणाऱ्या मोटारींची शर्यत. प्लास्टिकचे तुकडे एकमेकांत अडकवून जमिनीवर रस्ता तयार करावयाचा. प्रत्येक गाडीसाठी त्या रस्त्यात एक अरुंद खाच असते आणि खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या असतात. गाडीच्या नाकाखाली एक लहानशी जीभ असते, ती खाचेत उतरते. तिच्या दोहो बाजूंना तांब्याच्या बारीक तारांच्या विणलेल्या फिती असतात. त्या पट्ट्यांवर घासत राहतात आणि वीज आतल्या छोट्या मोटरला पोहोचवतात. घरगुती संचात वीज १२ व्होल्टच्या आसपास असते, त्यामुळे मुलांना धोका नसतो. गाडी खऱ्या मोटारीच्या बत्तिसाव्या हिश्शाची, म्हणजे सुमारे वीतभरापेक्षाही लहान. खेळणाऱ्याच्या हातात एक चाप असतो. तो जितका दाबावा तितकी वीज अधिक आणि तितका वेग अधिक.

गाडी वळवण्याचे काम खाचच करते. खेळणाऱ्याच्या हाती राहतो तो केवळ वेग. ऐकणाऱ्याला वाटते, यात कसब ते काय? परंतु पहिल्याच वळणावर उत्तर मिळते. चाप पूर्ण दाबून धरला की गाडी वळणावर खाच सोडते आणि उलटून खुर्चीखाली जाऊन पडते. फार जपून चालवली तर शेजारचा पुढे निघून जातो. सरळ रस्त्यावर किती सोडावे, वळणाच्या किती आधी आवरावे आणि वळण संपता संपता पुन्हा केव्हा वेग द्यावा, एवढाच हा खेळ आहे. आणि एवढ्यात माणूस तासन्‌तास रमतो.

या खेळाचा इतिहासही रंजक आहे. अमेरिकेतील लायोनेल कंपनीने १९१२ मध्येच विजेवर धावणाऱ्या शर्यतीच्या खेळण्यातल्या मोटारी बाजारात आणल्या होत्या. पण तो प्रयोग काही वर्षांतच थांबला. छंदाला घरोघर नेले ते फ्रेड फ्रान्सिस या इंग्रज कारागीर-उद्योजकाने. त्यांच्या ‘मिनिमॉडेल्स’ या कंपनीने १९५२ मध्ये ‘स्केलेक्स’ नावाच्या पत्र्याच्या मोटारी काढल्या. आपल्याकडील ज्येष्ठ वाचकांना चावीच्या पत्र्याच्या मोटारी आठवत असतील. त्याच जातीच्या या. फरक एवढाच की यांना चावी नव्हती. गाडीच्या पोटाखाली एक छोटे पाचवे चाक होते. गाडी टेबलावर दाबून मागे ओढली की आतली स्प्रिंग भरत असे आणि सोडताच गाडी सुसाट सुटत असे.

काही वर्षे या मोटारी खूप खपल्या. पण नावीन्य ओसरू लागले. सुटलेल्या गाडीकडे पाहत बसण्यापलीकडे मुलांना त्यात करण्यासारखे काही नव्हते. याच सुमारास फ्रान्सिस यांनी विजेवर फिरणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी पाहिल्या, असे सांगितले जाते. त्या आपल्या आपण फिरत होत्या आणि खेळणारा नुसता प्रेक्षक होता. गाडीचा वेग खेळणाऱ्याच्या हाती द्यावा, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. ‘स्केलेक्स’ आणि ‘इलेक्ट्रिक’ या दोन शब्दांच्या जोडीतून ‘स्केलेक्स्ट्रिक’ हे नाव बनले आणि जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेट येथील खेळणी-प्रदर्शनात हा खेळ प्रथम मांडला गेला. मागणी इतकी उसळली की लहान कारखान्याला ती पुरवणे अशक्य झाले. दुसऱ्याच वर्षी, १९५८ मध्ये, फ्रान्सिस यांनी कंपनी ‘लाइन्स ब्रदर्स’ या बड्या घराण्याला विकली.

या लाइन्स ब्रदर्सची कथा आपल्या वाचकांना विशेष भावेल. तीन भावांनी मिळून उभारलेली ही पेढी. आडनाव ‘लाइन्स’, म्हणजे रेषा. तीन रेषा मिळून त्रिकोण होतो म्हणून मालाला नाव दिले ‘ट्राय-अँग’. एके काळी जगातील सर्वांत मोठ्या खेळणी-उत्पादकांत तिची गणना होई. ती पेढी १९७१ मध्ये कोसळली. तिच्या मालमत्तेतून हा खेळ ज्या दुसऱ्या कंपनीकडे गेला, तीही १९८० मध्ये बुडाली. त्यानंतर हॉर्नबी या नावाखाली धंदा पुन्हा उभा राहिला आणि स्केलेक्स्ट्रिक आजही विकले जाते. मालक बदलले, कारखाने बदलले. रस्त्यातली खाच आणि हातातला चाप तेवढा टिकला. धंद्यात नेमके काय टिकाऊ असते, याचा विचार करणाऱ्याला हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

अमेरिकेतला अनुभव याहून कठोर होता. तेथे १९६० मध्ये ऑरोरा कंपनीने याहूनही लहान आकाराच्या गाड्या आणल्या आणि त्या अफाट खपल्या. पाठोपाठ गावोगावी भाड्याने खेळण्याची दालने उघडली. आठ-आठ खाचांचे प्रशस्त रस्ते, तासाप्रमाणे शुल्क, दाराशी मुलांची रांग. ज्याच्याकडे मोकळी जागा होती तो या धंद्यात उतरला. दशक संपण्यापूर्वीच त्यांतली बहुसंख्य दालने बंद पडली. गाड्या दिवसेंदिवस अधिक वेगवान, अधिक नाजूक आणि अधिक महाग होत गेल्या. मुरलेल्या खेळाडूंपुढे नवख्या मुलाचा पाड लागेना, आणि नवखा एकदा हरून गेला की परत येईना. जुन्या गिऱ्हाइकाचे कोडकौतुक पुरवताना नव्या गिऱ्हाइकासाठी दार अरुंद होत जाते, हा धोका आपल्या कापडाच्या वा सराफीच्या दुकानातही ओळखीचाच आहे.

आता पुनर्भेटीविषयी. इंग्लंडमध्ये १९६० ते १९८० या काळात वाढलेल्या असंख्य मुलांनी हा खेळ नाताळाची भेट म्हणून मिळवला. चौदा-पंधरा वर्षांचे झाल्यावर तो खोक्यात बंद केला. शिक्षण, नोकरी, संसार यांत तीस-चाळीस वर्षे गेली. मग कधी आईवडिलांचे जुने घर आवरावे लागते, कधी स्वतःच्या माळ्याची झाडलोट निघते आणि तो खोका खाली येतो.

खोका उघडला तरी खेळ लगेच सुरू होत नाही. धातूच्या पट्ट्यांवर गंज किंवा काळपट थर चढलेला असतो. तो हलक्या हाताने घासून काढावा लागतो आणि मग कोरड्या फडक्याने पुसावा लागतो. तांब्याच्या फिती झिजलेल्या असतात. त्या बदलून टोकाशी किंचित पिंजारून बसवाव्या लागतात. रबरी टायर दगडासारखे कडक झालेले असतात आणि कडक टायर रस्ता धरत नाही, म्हणून नवे घालावे लागतात. आसांना तेलाचा एकेक थेंब पुरतो. जास्त झाले तर ते टायरवर उतरते आणि गाडी घसरू लागते. रस्त्याचे जुने तुकडे नव्या पद्धतीच्या तुकड्यांना थेट जुळत नाहीत, त्यासाठी मधले जोड-तुकडे मिळतात. दोन-तीन संध्याकाळी अशा दुरुस्तीत जातात. दुरुस्तीच्या या संध्याकाळींतच अर्धा आनंद आहे, असे या छंदाकडे परतलेले पुष्कळ जण म्हणतात. दिवसभर संगणकाच्या पडद्यासमोर बसणाऱ्याला डोळ्यांसमोर दुरुस्त होणारी वस्तू हाती लागणे, हे समाधान हल्ली दुर्मीळच झाले आहे.

खेळही मधल्या काळात पुढे गेला आहे. अनेक नव्या गाड्यांच्या पोटाशी लोहचुंबक असते. ते धातूच्या पट्ट्यांकडे ओढले जाते आणि गाडी वळणावर सहसा सुटत नाही. २००४ पासून स्केलेक्स्ट्रिकच्या डिजिटल संचात एकाच खाचेत अनेक गाड्या धावू शकतात आणि खाच बदलून पुढच्याला मागे टाकता येते. गंमत अशी की परतलेल्या प्रौढांपैकी कित्येक जण ते चुंबक काढून टाकतात. चुंबकामुळे वेग वाढतो खरा, पण मागची चाके सरकत सरकत वळण घेण्याचे ते जुने दृश्य हरवते. आणि ते सावरण्यासाठीच तर हात शिवशिवत असतात.

इंग्लंडमध्ये या छंदाची मंडळे आहेत. आठवड्यातून एका संध्याकाळी एखाद्या सभागृहात सभासद जमतात. त्यांच्या दोन प्रथा मनात भरतात. पहिली अशी की प्रत्येक खेळाडूने प्रत्येक खाचेतून पाळीपाळीने गाडी चालवायची. आतल्या आणि बाहेरच्या खाचेची लांबी व वळणे सारखी नसतात. म्हणून सर्वांना सर्व खाचा, आणि मग एकूण फेऱ्यांचा हिशेब. दुसरी प्रथा अशी की ज्याची शर्यत नसेल त्याने वळणावर उभे राहायचे आणि दुसऱ्यांच्या पडलेल्या गाड्या उचलून झटपट खाचेत ठेवायच्या. यात वय किंवा मान आड येत नाही. मागच्या शर्यतीचा विजेताही पुढच्या शर्यतीत इतरांच्या गाड्या उचलत असतो.

छंदाच्या वाटेवर एक खाचखळगाही आहे. जुन्या, न वापरलेल्या, मूळ खोक्यातल्या गाड्यांना संग्राहक मोठी किंमत देतात. व्यापारी मनाला हे लगेच उमगते, आणि मग गाडी रस्त्यावर उतरतच नाही. ती काचेच्या कपाटात बसते आणि मालक बाजारभाव पाहत राहतो. संग्रह करण्यात गैर काही नाही. पण जो हात मोकळा व्हावा म्हणून छंद धरला त्याच हातात पुन्हा एक चोपडी आली, एवढे ओळखावे.

या छंदाला किती माणसे एकत्र आणता येतात याचे उदाहरण २००९ मध्ये दिसले. सरे परगण्यातील ब्रुकलँड्स हा मोटारशर्यतींचा ऐतिहासिक मार्ग १९०७ मध्ये बांधला गेला होता आणि आता तो बऱ्याच ठिकाणी तुटला आहे. त्यावर रस्ते आणि इमारती उभ्या आहेत. जेम्स मे यांच्या दूरचित्रवाणी-मालिकेसाठी स्थानिक स्वयंसेवकांनी त्या जुन्या मार्गाच्या रेषेवर स्केलेक्स्ट्रिकचे तुकडे जोडले. चार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या त्या रस्त्यावर त्यांनी वीतभर मोटारींची पूर्ण फेरी घडवली. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे गुडघ्यांवर बसून तुकडे जोडत होते.

आपल्या घरांत हा खेळ फारसा नव्हता. त्या काळात परदेशी खेळणी सहज मिळत नसत. कुणी बाहेरगावाहून आणले तरच दर्शन. पण प्रत्येकाच्या माळ्यावर स्वतःचा एक खोका असतो. कुणाचा मेकॅनोचा, कुणाचा तिकिटांच्या वहीचा, कुणाची तारा तुटलेली सतार, कुणाचा अर्धवट राहिलेला भरतकामाचा रुमाल. पेढीवर मुलगा बसू लागला की वडिलांना दोनच वाटा दिसतात: गादीवर बसून मुलाच्या प्रत्येक व्यवहारात लक्ष घालणे, किंवा घरी बसून दिवस मोजणे. पहिलीत मुलगा गुदमरतो, दुसरीत वडील. तिसरी वाट त्या खोक्यातून जाते. ज्याच्याकडे संध्याकाळी स्वतःचे काही करण्यासारखे आहे, तो मुलाच्या हातातला चाप सहज सोडू शकतो. आणि मुलाची गाडी एखाद्या वळणावर उलटलीच, तर ती उचलून पुन्हा खाचेत ठेवायला जवळच उभा असतो.

येत्या सुटीत नातवंडे घरी येतील. त्यांच्यासमोर आपला खोका उघडावा, दुरुस्ती त्यांच्याच मदतीने करावी, आणि पहिली फेरी त्यांना चालवू द्यावी.