‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे

रिठ्याच्या फेसात रेशमी वस्त्रे आणि सोन्याचे दागिने धुण्याची रीत आपल्या आजीच्या पिढीपर्यंत घरोघरी होती. त्याच रिठ्यातील सॅपोनिन रक्ताच्या नमुन्यात मिसळले, तर तांबड्या पेशी फुटतात, हे आपण वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. रेशमाला सौम्य असणारा पदार्थ रक्तपेशीला मारक ठरतो. ‘जैवआधारित’ या शब्दाचा उद्‍घोष सध्या औषधनिर्मितीत आणि प्रयोगशाळांत चालू असताना हे साधे उदाहरण ध्यानात ठेवावे, असे मला वाटते.

या उद्‍घोषामागे सबळ कारण आहे. ट्रायटन एक्स-१०० हा अनायनी, म्हणजे विद्युतभार नसलेला पृष्ठक्रियाकारक अनेक दशके प्रयोगशाळांचा आधार राहिला. पेशीपटले विरघळवून आतील प्रथिने मोकळी करण्यासाठी तो वापरला जातो. रक्तद्रवापासून बनणाऱ्या औषधांतील एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी यांसारखे आवरणयुक्त विषाणू निष्क्रिय करण्याच्या कामीही तो आला. हिमोफिलियाच्या असंख्य रुग्णांना त्यामुळे संरक्षण मिळाले. परंतु सांडपाण्यात गेल्यावर त्याचे विघटन होऊन ऑक्टिलफिनॉल उरते, आणि ते जलचरांच्या शरीरात इस्ट्रोजेनसारखे वागते. म्हणून युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२१ पासून खास परवानगीवाचून त्याच्या वापरास मनाई केली. पर्यायांचा शोध त्यामुळे वेगाने सुरू झाला. साखर आणि नारळाच्या तेलापासून मिळणारे मेदाम्ल-अल्कोहोल यांच्या संयोगातून बनणारे अल्किल ग्लुकोसाइड हे त्यांपैकी एक होय.

या बदलाचे मी स्वागतच करतो. मात्र त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र मिसळले जातात, ही माझी तक्रार आहे. पदार्थ आला कोठून, हा पहिला प्रश्न. तो पाण्यात व मातीत गेल्यावर त्याचे काय होते, हा दुसरा. आणि तो रुग्णाच्या शरीरात काय करतो, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर समाधानकारक आले म्हणून उरलेल्या दोहोंचे आपोआप येत नाही.

उत्तराखंडातील काशीपूर येथे उसाच्या मळीपासून मिळणाऱ्या अल्कोहोलातून इथिलीन ऑक्साइड तयार होते. त्यापासून बनवलेले पॉलिसॉर्बेट पूर्णतः वनस्पतिजन्य म्हणता येईल. पण खनिज तेलापासूनच्या पॉलिसॉर्बेटहून त्याचा रेणू निराळा नसतो. रेणूला आपले कुळ ठाऊक नसते. त्याची रचना तशी तो वागणार.

एरंडाच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर, आणि भारतात आपला गुजरात. त्याच एरंडेलावर इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करून क्रेमोफोर बनते. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध त्यात विरघळवून देतात. ते देण्यापूर्वी आपण डेक्सामेथासोन व अँटिहिस्टामिन देतो, कारण तीव्र अतिसंवेदनशील प्रतिक्रियेची भीती असते आणि त्या प्रतिक्रियेचा मोठा दोष औषधापेक्षा या द्रावकाकडे जातो. १९९२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या औषधाचे अल्ब्युमिनबद्ध, क्रेमोफोरविरहित रूप तेथे २००५ मध्ये आले. १९८४ मधील प्रकरण तर याहून विदारक आहे. अमेरिकेत पॉलिसॉर्बेटयुक्त ‘ई’ जीवनसत्त्वाचे शिरेतून द्यावयाचे द्रावण मुदतपूर्व जन्मलेल्या बालकांना दिले गेले. ३८ बालकांच्या मृत्यूशी त्याचा संबंध जोडला गेला आणि संशयाची सुई पॉलिसॉर्बेटकडे वळली. सौम्य म्हणून नावाजलेले अल्किल ग्लुकोसाइडही अपवाद नाहीत. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साठी ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ म्हणून त्यांचीच निवड केली होती.

याउलट, हे सारे फॅशनचे खूळ आहे असे म्हणून हसणाऱ्यांशीही मी सहमत नाही. मलेरियावरील आर-२१ या लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या या लसीतील प्रतिकारवर्धक घटक दक्षिण अमेरिकेतील क्विलाया वृक्षाच्या सॅपोनिनपासून बनतो. कोलेस्टेरॉल व फॉस्फोलिपिड यांच्याशी बांधून त्या सॅपोनिनच्या रक्तविलयी स्वभावाला लगाम घातला जातो. निसर्गाने द्रव्य दिले. ते सुरक्षित केले ते मात्र संशोधकांच्या परिश्रमाने.

हे काम कारखानदारांचे व रसायनतज्ज्ञांचे, आपण केवळ वापरणारे, असा युक्तिवाद होईल. तो मला मान्य नाही. अभिकर्मकाच्या बाटलीवरील नाव तेच राहते आणि आतला पृष्ठक्रियाकारक बदलतो. अशा वेळी जुन्या व नव्या बाटलीवर तेच नमुने समांतर तपासून पाहणे ही प्रयोगशाळाचालकाची जबाबदारी आहे. शिरेतून द्यावयाचे औषध एका उत्पादकाचे सोडून दुसऱ्याचे घेताना त्यातील सहायक घटकांची यादी वाचणे हे चिकित्सकाचे कर्तव्य आहे. ॲमिओडॅरोन शिरेतून देताना रक्तदाब घसरतो, त्यात पॉलिसॉर्बेटचा वाटा असतो, हे किती जणांच्या मनात त्या क्षणी येते? २०१० पासून आपल्या देशात औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे. प्रतिक्रियेची नोंद त्याकडे पाठवताना औषधाच्या नावाबरोबर उत्पादक आणि बॅच क्रमांक लिहिला, तरच दोष औषधाचा की द्रावकाचा, याचा उलगडा कोणाला तरी करता येईल.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन उभे राहिले, ते विज्ञान आणि उद्योग यांची सांगड घालण्यासाठी. त्या नगरीत व्यवसाय करणाऱ्या आपल्या मंडळाने विद्यापीठातील रसायनतज्ज्ञांना एखाद्या मासिक सभेत बोलवावे आणि हे तीन प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावेत, एवढीच माझी सूचना आहे. रिठा आजीने वापरला तो अनुभवाने पारखून. आपणही नव्या द्रव्यांचा स्वीकार करावा, पण पारखून.