टक्क्यांची उतरंड आणि पांढुर्ण्याची बंडी

रस्ते वाहतुकीत कोणता देश नवीकरणीय ऊर्जा किती वापरतो, यावरून देशांची उतरंड लावण्याचा छंद अलीकडे विद्वत्तेत जमा होऊ लागला आहे. नवीकरणीय ऊर्जा म्हणजे ऊन, वारा, वाहते पाणी, पिके आणि सेंद्रिय टाकाऊ पदार्थ यांपासून मिळणारी, वापरली तरी निसर्गक्रमाने पुन्हा भरून येणारी ऊर्जा. रस्त्यावर ती एक तर पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळलेल्या इथेनॉल वा बायोडिझेलसारख्या जैवइंधनांतून येते, नाही तर विद्युत वाहनांच्या बॅटरीतून. या दोहोंची बेरीज वाहतुकीच्या एकूण ऊर्जेशी ताडली की एक टक्केवारी हाती लागते, आणि तिच्या जोरावर पूर्वपक्ष असा मांडला जातो की स्वीडन आणि नॉर्वे पुढे, ब्राझील त्यांच्या पंक्तीला, भारत मागे, आणि पांढुर्णा-सौंसरसारखी मध्यप्रदेशाच्या दक्षिण टोकाची गावे तर हिशेबात धरण्याच्याही लायकीची नाहीत. तेव्हा पुढच्यांचे अनुकरण करावे आणि गप्प बसावे. शेवटचे शब्द पूर्वपक्षाने उच्चारलेले नाहीत, पण सूर तोच आहे.

या मांडणीचा सर्वांत मोठा दोष असा की, इंधन जिथे विकले गेले तिथेच ते जळाले, असे तीत गृहीत धरलेले असते. राष्ट्रीय आकडेवारी मुख्यतः विक्रीवरून तयार होते. पंपाच्या नळीतून बाहेर पडलेले लिटर मोजले जातात, आणि ते पोटात घेऊन ट्रक कुठे गेला याची चौकशी कोणी करीत नाही. लक्झेंबर्ग हा सात लाखांच्या आतल्या वस्तीचा देश. जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियम या शेजाऱ्यांपेक्षा तिथे इंधनावरचा कर वर्षानुवर्षे कमी राहिला, म्हणून वाटेने जाणारे ट्रक तिथे टाक्या भरत आले आणि दरडोई इंधनविक्रीत हा चिमुकला देश युरोपात आघाडीवर जाऊन बसला. तिथला नागरिक काही अहोरात्र गाडी हाकत नसतो. हाच प्रकार पांढुर्ण्याला समजावून सांगण्याची गरज नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला दक्षिणेकडून महाराष्ट्र लागून आहे. पांढुर्णा नागपूर-बैतूल महामार्गावर, तर सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर. दोन्ही राज्यांचे इंधनावरचे मूल्यवर्धित कर, म्हणजे विक्रीच्या वेळी राज्याने आकारायचे कर, वेगवेगळे असल्याने कुठल्या बाजूला टाकी भरणे परवडते हे सीमेवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असते. भाषेने एक आणि कराने दोन असलेल्या या पट्ट्यात 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासूनचे सीमेचे वाद पुष्कळ उगाळून झाले आहेत आणि ते इथे पुन्हा उगाळण्याचे प्रयोजन नाही. मात्र त्या वादांत दोन्ही पक्षांनी आकडे याच पद्धतीने, सोयीच्या काठावर उभे राहून मोजले होते, हे विसरता येत नाही. समजा, एखादा ट्रक महाराष्ट्रात टाकी भरून पांढुर्ण्याच्या मंडीत आला, अंबिया बहाराची संत्री भरली आणि बैतूलमार्गे उत्तरेला निघाला. त्याचे डिझेल महाराष्ट्राच्या खाती, धूर मध्यप्रदेशाच्या माथी आणि संत्री दिल्लीच्या ताटात. यात वापर कोणी केला? एकाच बोलीच्या दोन शेजारी तालुक्यांत जो प्रश्न सुटत नाही, तो देशादेशांच्या तक्त्यात दशांशचिन्हापर्यंत सुटलेला दिसतो, हे गणिताचे नव्हे, श्रद्धेचे सामर्थ्य होय.

दुसरा आक्षेप गुणकांचा. युरोपीय संघाने 2020 पर्यंत वाहतुकीत 10 टक्के नवीकरणीय ऊर्जेचे लक्ष्य ठेवले होते, आणि ते जेमतेम गाठले गेले. स्वीडन तर 32 टक्क्यांच्या आसपास पोहोचला. पण टाकाऊ पदार्थांपासून केलेले काही जैवइंधन त्या हिशेबात दुप्पट धरले जाते, आणि रस्त्यावरच्या वाहनांतली नवीकरणीय वीज 2009 च्या नियमाने अडीचपट, 2015 च्या दुरुस्तीने पाचपट आणि पुढच्या नियमाने चौपट मोजली गेली. एका संत्र्याची चार संत्री मोजणाऱ्या अडत्याला मंडीत कोणी उभे करणार नाही. ब्रसेल्समध्ये मात्र त्याला धोरण म्हणतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे परस्परांवर दगडफेक, होते, तिच्याविषयी कोणाचे मत काहीही असो, नदीच्या मधोमध रोवलेला झेंडा निदान दोन्ही काठांवरून एकाच जागी दिसतो; या हिशेबाचा झेंडा मात्र नियमागणिक जागा बदलतो. त्यातही स्वीडनच्या जैवइंधनाचा बहुतांश कच्चा माल परदेशातून येत असे, आणि डिझेलमधील जैवइंधनाद्वारे उत्सर्जन घटवण्याची सक्ती त्याच देशाने 2024 च्या आरंभी 30.5 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणली, कारण पंपावरचा दर मतदाराला झोंबू लागला होता. अनुकरण करायचेच, तर ते कोणत्या वर्षीच्या स्वीडनचे?

नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे 89 टक्के विद्युत होत्या, हे खरे. त्यांना लागणारी वीज बहुतांश पाण्यावर होते, आणि त्या मोटारींना दिलेल्या सवलती परवडाव्यात म्हणून समुद्रतळाखालचे तेल-वायू इतरांना विकले जातात. ब्राझीलने 1975 पासून उसाच्या इथेनॉलचा कार्यक्रम चालवला. तेवढी जमीन आणि तेवढा पाऊस असलेल्याने तो जरूर चालवावा.

परकीय यशाची कलमे इथल्या मातीत लावून पाहण्याचा प्रयोग काही पहिल्यांदा होत नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोगली एरंडाच्या, म्हणजे रतनजोतीच्या, बियांपासून बायोडिझेल काढून पडीक जमीन सोन्याची करण्याच्या घोषणा झाल्या. झुडपे लागली, बी मात्र कागदावर जेवढे आले तेवढे शेतात आले नाही. नागपुरात 2014 साली स्वीडिश बनावटीची इथेनॉलवर धावणारी बस चाचणीसाठी रस्त्यावर आली, तिचे भरपूर कौतुक झाले आणि काही वर्षांतच तिच्यामागून आलेल्या हिरव्या बसगाड्या बंद पडल्या. या अपयशांची मीमांसा करण्याऐवजी नवा तक्ता काढणे सोपे असते.

स्वदेशी आकड्यांनाही याच तराजूत घालणे भाग आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळल्याचा जो गौरव होतो, ते 20 टक्के आकारमानाचे आहेत. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असल्यामुळे ऊर्जेच्या भाषेत ते 14 टक्क्यांच्या आसपास उरतात, आणि देशात पेट्रोलच्या दुपटीहून अधिक डिझेल खपते, ज्यात जैवइंधन नावापुरते असते, हे लक्षात घेतले तर पूर्ण रस्ते वाहतुकीत हा वाटा पाच टक्क्यांच्या घरात येतो. शिवाय हे इथेनॉल आता मोठ्या प्रमाणावर मक्यापासून होते, आणि छिंदवाड्याच्या मक्याला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले असले तरी एरवी मका निर्यात करणारा देश 2024 मध्ये आयातदार झाला. ई-रिक्षाचेही तसेच: देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशावर होते, आणि पेंच-कन्हानच्या खाणी व सारणीचे औष्णिक केंद्र या मुलुखापासून दूर नाहीत. विद्युत मोटर डिझेल इंजिनापेक्षा कमी ऊर्जेत जास्त काम करते, एवढे श्रेय तिला दिले पाहिजे.

आणि ज्याला तक्त्यात रकानाच नाही, ते वाहन म्हणजे बंडी, अर्थात बैलगाडी. पोळ्याला ज्याची पूजा होते तो बैल कडबा, कुटार आणि ढेप यांवर चालतो, म्हणजे शंभर टक्के नवीकरणीय ऊर्जेवर. पण ऊर्जेच्या आकडेवारीत चारा इंधन ठरत नाही. परिणाम असा की, सौंसरकडच्या शेतकऱ्याने बंडी विकून मोटारसायकल घेतली की देशाच्या नवीकरणीय वाहतुकीत भर पडते, कारण पेट्रोलमधले इथेनॉल मोजले जाते, कुटार मोजले जात नाही. बैल परत आणावेत असा याचा अर्थ नाही. ज्या मापाला ही अदलाबदल प्रगती वाटते, ते माप बदलावे, एवढाच आहे.

मंडनपक्ष थोडक्यात सांगण्याजोगा आहे. देशाच्या टक्केवारीऐवजी कामाचे माप घ्यावे: एक क्विंटल संत्री बागेपासून गिऱ्हाइकापर्यंत नेण्यास किती लिटर खनिज इंधन जळाले. या मापाने रस्त्यावरून रुळांवर गेलेला मालही जमेस धरला जाईल, जो रस्त्यांच्या तक्त्यातून निसटतो. पांढुर्णा इटारसी-नागपूर या मुख्य मार्गावर आहे, सौंसरला रुंद रूळमार्ग आला आहे, आणि 2020 साली नागपुराहून दिल्लीकडे संत्र्यांची किसान रेल्वे धावली होतीच. मंडीत गाडीगणिक वजन लिहिले जाते, पावतीवर वाहनाचा क्रमांक असतो. तिथे मुक्काम आणि लिटर हे दोन रकाने वाढवावे लागतील.