कोण म्हणाले? कधी? कोणत्या भाषेत?

विद्यार्थी मित्रहो, पर्यावरण दिनाच्या भित्तिपत्रकावर सिअ‍ॅटल नावाच्या अमेरिकन मूलनिवासी सरदाराचे भाषण तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. जमीन आणि आकाश यांची खरेदी-विक्री कशी होईल, असे तो म्हणे १८५४ साली गोऱ्या लोकांना विचारतो. आंतरजालावर हे भाषण असंख्य ठिकाणी आहे, मराठीतही आहे. इतक्या ठिकाणी आहे, म्हणजे ते खरेच असणार, असे तुम्ही म्हणाल.

पण थोडे थांबा आणि भूगोल-इतिहासाची पुस्तके काढा. त्याच भाषणात सरदार सांगतो, की धावत्या आगगाडीतून गोळ्या घालून मारलेले हजारो गवे आपण गवताळ प्रदेशात सडताना पाहिले. आता नकाशा पाहा. सिअ‍ॅटलचे लोक पॅसिफिक महासागराला जोडलेल्या प्युजेट साउंड या खाडीकाठी राहत. मासे हे त्यांचे मुख्य अन्न. गव्यांची मैदाने रॉकी पर्वताच्या पलीकडे, शेकडो किलोमीटर दूर. सिअ‍ॅटल १८६६ साली वारला, आणि अमेरिका खंड ओलांडणारा पहिला लोहमार्ग पुरा झाला १८६९ साली! मग त्याने ही आगगाडी पाहिली कोठे?

उत्तर सापडले आहे. हे शब्द टेड पेरी या लेखकाने १९७०-७१ च्या सुमारास एका पर्यावरणविषयक चित्रपटासाठी लिहिले. चित्रपट १९७२ साली दाखवला गेला; त्यात लेखक म्हणून पेरीचे नाव नव्हते. प्रेक्षकांना वाटले, हे सिअ‍ॅटलचेच बोल. त्याआधीचा मजकूर आहे १८८७ सालचा. हेन्री स्मिथ या डॉक्टरांनी तो एका वर्तमानपत्रात छापला. भाषणाच्या वेळी केलेल्या टिपणांवरून आपण तो लिहिला, असे ते सांगतात. पण मधे ३३ वर्षे गेली होती. शिवाय सिअ‍ॅटल बोले लशूटसीड भाषेत, आणि स्मिथ यांचा मजकूर आहे अलंकारिक इंग्रजीत. त्यात भर आहे तो पूर्वजांवर आणि मृतांवर. गवे आणि आगगाडी त्यात नाहीतच. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे १८५५ च्या पॉइंट एलियट कराराच्या वेळचे सरकारी टिपण. त्यात सिअ‍ॅटलचे बोलणे अगदी थोडके आहे.

म्हणजे तीन पायऱ्या झाल्या : त्याच वेळी लिहिलेली नोंद, ३३ वर्षांनंतरचे लेखन आणि सव्वाशे-दीडशे वर्षांनंतर नव्हे, तरी शंभरावर वर्षांनंतरची कल्पना. आंतरजालावर सर्वांत जास्त फिरते ती तिसरी. कारण उघड आहे. एखादी गोष्ट किती वेळा सांगितली गेली, यावरून तिची लोकप्रियता कळते; सत्यता नव्हे. शंभर ठिकाणी उतरवून घेतलेला मजकूर हा शंभर पुरावे नसून एकच पुरावा असतो.

कोणी विचारील, विचार तर चांगला आहे, मग बिघडले कोठे? माझ्या मते, पुष्कळ बिघडले. १८५५ च्या करारात त्या भागातील जमातींना नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून दिला होता. तो मिळवण्यासाठी त्यांना न्यायालयात झगडावे लागले. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी पकडता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्या वाट्यावर त्यांचा हक्क मान्य केला. सिअ‍ॅटलच्या तोंडी घातलेली वाक्ये जगाला पाठ आहेत. ही हकीकत किती जणांना ठाऊक आहे? एखाद्याची खोटी स्तुती केली, तरी त्याचा खरा आवाज दडपला जातोच.

मग विश्वसनीय माहिती शोधावी कशी? तीन दारे ठोठवा. पहिले दार त्या लोकांचे स्वतःचे. सिअ‍ॅटलच्या सुक्वामिश जमातीचे स्वतःचे संकेतस्थळ आहे, संग्रहालय आहे. दुसरे दार संशोधकांचे. 'गूगल स्कॉलर'वर शोधल्यास अशी नियतकालिके सापडतात, की ज्यांतील लेख छापण्यापूर्वी इतर तज्ज्ञ तपासतात. लेखक त्या लोकांत राहिला का, त्यांची भाषा शिकला का, हे पाहा. तिसरे दार अभिलेखागारांचे. 'इंटरनेट आर्काइव्ह'वर जुने ग्रंथ जसेच्या तसे वाचता येतात.

मात्र जुने आणि सरकारी ते सारे खरे, असेही समजू नका. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण त्या काळची पुस्तके आजही पडद्यावर उघडतात. ती वाचावीत, पण लिहिणारा कोण आणि त्याचा हेतू काय, हे विचारूनच.

हीच कसोटी घराजवळ लावून पाहा. वारली चित्रकला चार-पाच हजार वर्षांची आहे, असे अनेक संकेतस्थळे सांगतात. पुरावा काय, तर प्राचीन गुहाचित्रांशी साम्य. पण साम्य म्हणजे सलग परंपरेचा पुरावा नव्हे, आणि कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले चित्र हजारो वर्षे टिकत नाही. याउलट, लग्नाचा चौक कोण लिहिते, त्यात पालघट देवी का येते, धवलेरी कोणती गाणी म्हणते, हे आजही विचारता येते. यशोधरा दालमिया यांचा वारली चित्रांवरील १९८८ चा इंग्रजी ग्रंथ आहे. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

शिक्षकांनाही एक विनंती. प्रकल्पाच्या वहीत चित्रे किती चिकटवली, हे पाहण्याऐवजी प्रत्येक विधानापुढे 'कोण म्हणाले? कधी? कोणत्या भाषेत?' असे तीन रकाने आखून घ्या. रिकामा राहिलेला रकानाही बरेच काही शिकवतो.

आणि डहाणू-तलासरीच्या, मेळघाटाच्या किंवा भामरागडच्या शाळेत हा अंक वाचणाऱ्या मित्रांनो, तुमच्या आजीला जे ठाऊक आहे, ते कदाचित कोणत्याच संकेतस्थळावर नसेल. तिची परवानगी घ्या, तिच्याच बोलीत ते लिहून ठेवा, आणि खाली तारीख, गाव व तिचे नाव घालायला विसरू नका. जे बाहेर सांगायचे नाही असे ती म्हणेल, ते वहीबाहेरच राहू द्या.