औषध तपासणारी पट्टी : चाळणी समजा, दाखला नव्हे

रक्तातली साखर तपासायचे छोटे यंत्र आता खेड्यापाड्यांतही ओळखीचे झाले आहे. पट्टीवर थेंब ठेवला की आकडा समोर. त्या पट्टीवर एन्झाइम असते आणि यंत्र मोजते ती वीज. याच धर्तीवर भाजी-फळांतले औषधांचे अंश बांधावरच तपासता यावेत, अशी शास्त्रज्ञांची बरीच वर्षे खटपट चालू आहे. उद्या असे यंत्र विकायला कोणी ग्रामपंचायतीत आला, तर काय विचारायचे?

आधी ते चालते कसे ते पाहू. पट्टीवर कोलिनेस्टरेज हे एन्झाइम बसवलेले असते. त्याला ठरावीक रसायन दिले की ते तोडते आणि वीज वाहते. नमुन्यात प्रोफेनोफॉससारखे फॉस्फरस गटातले किंवा कार्बामेट गटातले औषध असेल, तर एन्झाइम अडते नि वीज घटते. फवारणाऱ्याला या गटातल्या औषधाची बाधा होते, तेव्हा अंगातही हेच एन्झाइम अडते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, हे विसरू नका. डॉक्टर रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी करतात, ती याचसाठी.

आता मर्यादा. सायपरमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड ही औषधे आणि बहुतेक बुरशीनाशके या एन्झाइमला अडवतच नाहीत. क्लोरपायरीफॉस मूळ रूपात फारसे अडवत नाही, त्यावर आधी प्रक्रिया करावी लागते. शिवाय वीज घटली तरी कोणत्या औषधाने, ते कळत नाही.

द्राक्षवाल्यांना हे लगेच पटेल. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत मिथोमिलचे अंश सापडले. ते कार्बामेट, म्हणजे अशा पट्टीला त्याचा सुगावा लागू शकतो. २०१० साली माल अडला तो क्लोरमेक्वाट या वाढरोधकामुळे. ते कीटकनाशकच नव्हे, तिथे ही पट्टी कामाची नाही. म्हणून निर्यातीचा माल प्रयोगशाळेतूनच तपासून जातो.

तेव्हा विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. कोणती औषधे ओळखते? किती कमी अंश ओळखते? ज्या औषधाला मर्यादा ठरलेली नाही, त्याला आपल्याकडे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा धरतात. उन्हाळ्यात पट्टी टिकते का? उष्णतेने एन्झाइम मरते. आणि प्रयोगशाळेच्या निकालाशी ताडून पाहिले आहे का?

उत्तरे नीट मिळाली, तर यंत्राचा उपयोग आहे. संशयाचा माल आधी वेगळा निघेल, तेवढेच नमुने प्रयोगशाळेत धाडता येतील, खर्च वाचेल. पण पट्टीने काही दाखवले नाही म्हणून माल निर्धोक, असा दाखला ग्रामसेवकांनी कोणाला देऊ नये. फवारणीची वही ठेवणे आणि शेवटची फवारणी ते तोडणी यांतले लेबलवरचे दिवस पाळणे, याला पर्याय नाही.