खाडीवर जाण्यापूर्वी

हैदराबादच्या नल्लकुंटा भागातून एका वाचकभगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. तिचे माहेर वसईचे. नाताळच्या सुटीत ती दोन्ही मुलांसह भावाकडे येणार आहे. मुलांना मासे धरण्याचा मोठा छंद; तळ्याच्या काठी गळ टाकून तासन्‌तास बसावयाची त्यांना सवय. खाडीवर त्यांना केव्हा न्यावे आणि गळाला काय लावावे, असे ती विचारते.

तेलुगूत कुंटा म्हणजे लहान तळे. त्या वस्तीच्या नावातच पाणी आहे. परंतु तळ्याचा काठ सकाळी जेथे असतो तेथेच सायंकाळी असतो. खाडीचा काठ तसा नव्हे. आम्हांस सांगावयाचे ते मुख्यत्वे हेच. आमिषाचे मागाहून पाहू.

आमच्या किनाऱ्यावरील जुनी माणसे तिथीवरून पाणी ओळखत. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास निघतो. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस किंवा अमावास्येस सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा येते आणि तीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. हा हिशेब मुंबई-वसईच्या किनाऱ्यापुरता असून त्यात अर्धापाऊण तासाचा फरक पडतो. शिवाय खाडीत जो जो आत जावे तो तो पाणी उशिरा पोहोचते. म्हणून भरतीची कोष्टके, जी हल्ली फोनवरही मिळतात, ती अवश्य पाहावीत. पण तिथीचा हिशेब मुलांना शिकवून ठेवावा. त्याला बॅटरी लागत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. डोल जाळे ओढाच्या जोरावर भरते, त्यामुळे डोलकरांना उधाण हवे. हातगळ टाकणाऱ्याचे नेमके उलट. उधाणाच्या ओढीत शिसे तळाशी ठरत नाही आणि पाणी गढूळ होते. मुलांना न्यावयाचे ते भांगाच्या दिवसांत न्यावे. त्यातही धोका कमी, हे दुसरे कारण; आमच्या मते पहिले.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा हिस्सा येतो, आणि माणूस निश्चिंत होतो. तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून निम्मा चढ येतो. मोठ्या उधाणाला चार मीटर चढ धरला, तर या दोन तासांत दोन मीटर पाणी वाढते. दोन मीटरांत उंच माणूसही बुडतो.

याहून वाईट गोष्ट अशी की, पाणी समोरून येत नाही, पाठीमागून येते. खाडीत ओहोटीला चिखलाचे व वाळूचे उंचवटे उघडे पडतात. ते आणि काठ यांच्यामध्ये खोलगट नाळ असते. भरतीचे पाणी प्रथम नाळेत शिरते. उंचवट्यावरच्या माणसाचे पाय कोरडेच असतात आणि परतीची वाट बुडालेली असते. आम्ही लहानपणी धाकट्या बंधूसह असेच सापडलो होतो. तिसऱ्या वेचण्यात दंग होतो. मावशी काठावरून हाका मारीत होती, त्या वाऱ्यात विरून गेल्या. वळून पाहिले तेव्हा येताना घोटाभर असलेली नाळ छातीपर्यंत भरली होती. एका होडीवाल्याने आम्हांला उचलले. बंधूचे वय तेव्हा सात वर्षांचे होते. त्यानंतर त्याने खाडीत पाय घातला नाही, अद्यापही घालीत नाही.

म्हणून नियम असा: पायी उतरणे ते ओहोटीच्या अखेरच्या दोन तासांत, आणि पाणी फिरले की टोपलीत काही असो वा नसो, काठावर. गळ टाकावयाचा तो काठावरून किंवा धक्क्यावरून, नवे पाणी चढू लागल्यावर. मासळी त्याच पाण्याबरोबर चरावयास आत येते, त्यामुळे नुकसान काहीच नाही.

आता आमिष. तंगूस, लहान गळ, थोडे शिसे आणि ताजी कोळंबी एवढे पुरे. करंदी मिळाली तरी चालेल. शिंगाळा हमखास लागेल, तिवरांच्या मुळांशी तांबोशीही. बोयीची आशा गळावर धरू नये. ती चिखलातील शेवाळ खाणारी, तिच्यासाठी पाग हवा, आणि पाग फेकणे एका सुटीत येत नाही. जिताडा लागला तर मुलांचे नशीब. हा मासा आधी नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो, हे त्यांना सांगा. विश्वास ठेवणार नाहीत.

शिंगाळ्याला हातात धरू नये. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंस एकेक असे तीन विषारी काटे असतात. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नये, तळाशी घासत पुढे न्यावा, म्हणजे वाळूत दडलेले पाकट बाजूस सरते. त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा बसतो. दोहोंवर तातडीचा उपाय एकच: सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, कातडी न भाजता, तो भाग अर्ध्या तासाहून अधिक बुडवून ठेवावा आणि मग डॉक्टरांकडे जावे. आणखी एक. शिंगाळ्याच्या तोंडात कधीकधी गोट्यांएवढी अंडी आढळतात. ती त्याने खाल्लेली नसतात. नर ती पिल्ले होईपर्यंत तोंडात सांभाळतो आणि त्या काळात स्वतः जवळजवळ उपाशी राहतो. असा मासा जाळ्यात आला तर आमचे आजोबा पाण्यात सोडून देत.

तिसऱ्या वेचावयाच्या तर सांडपाण्याच्या नाल्यापासून दूर वेचाव्यात. त्या पाणी गाळून जगतात. पाण्यातील घाण त्यांच्या पोटात साचते.

परतताना ओली मासळी नल्लकुंट्यास नेता येईल काय, असेही पत्रात विचारले आहे. रात्रभराची गाडी, शेजारच्या बाकावरील माणसे आणि वितळणारा बर्फ यांचा विचार करता ते न करावे. वलांडीवर वाळलेले बोंबील न्यावेत. वासाबद्दल डब्यातील मंडळींची आधी क्षमा मागावी.