बसले म्हणजे जुळले नव्हे

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात कविता लिहावी, सहलीचे वर्णन लिहावे, फार तर हुंड्याच्या प्रश्नावर लेख लिहावा. मोटारीच्या ब्रेकवर लिहू नये, असा एक अलिखित संकेत आहे. तो मी मोडतो आहे, याबद्दल संपादकांनी क्षमा करावी. यंदा इतिहासाच्या तासाला जीर्णोद्धारावर चर्चा झाली. "जुन्या वस्तूत नवे काही घालावेच कशाला?" असे एका मित्राने तावातावाने विचारले. त्या क्षणी मला आठवली ती आमच्या मामांची जीप.

मामा वाईचे. त्यांच्या जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ते कमी लागतात अशी मामांची नेहमीची तक्रार. शेवटी एका मिस्त्रीने मोठ्या गाडीचे व्हील सिलिंडर मागच्या दोन्ही चाकांना बसवून दिले. आटे जुळले, बोल्ट बसले, ब्रेक कडक लागू लागले. मामा खूश, मिस्त्री खूश. पुढे जूनच्या पहिल्या पावसात आम्ही पसरणीचा घाट उतरत होतो. वळणावर समोरून एस.टी. आली. मामांनी ब्रेक दाबला, तशी मागची चाके जागच्या जागी जाम झाली आणि जीप आडवी फिरून कठड्यावर आदळली. मामांचे मनगट मोडले, माझा गुडघा फुटला. कठडा नसता तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो.

तेव्हापासून 'ब्रेक' या विषयाने माझा पिच्छा पुरवला. मिळेल ते वाचत गेलो, आणि आमच्या जीपचाच प्रश्न जगातल्या नामांकित स्पोर्ट्स कारच्या मालकांनाही पडतो हे कळले. उदाहरण घेतो ते डॅटसन 240 झेड या गाडीचे. जपानच्या निस्सान कंपनीने 1969 साली ती बाजारात आणली. जपानमध्ये तिचे नाव फेअरलेडी झेड. सहा सिलिंडरचे 2.4 लिटरचे इंजिन, वजन जेमतेम हजार-साडेदहाशे किलो, आणि वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास. अमेरिकेत ती तुफान खपली आणि आजही हौशी लोक तिला जिवापाड जपतात. तिला पुढे डिस्क ब्रेक आहेत, मागे ड्रम.

आता थांबणे म्हणजे काय ते पाहू. धावत्या गाडीत साठलेली ऊर्जा ब्रेक उष्णतेत बदलतो. एवढ्या वजनाची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून एकदा थांबवली, तर निघणारी उष्णता सव्वा लिटर गार पाणी उकळीपर्यंत न्यायला पुरेल. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. घाटात किंवा शर्यतीत असे पुन्हा पुन्हा थांबावे लागले म्हणजे ड्रम तापून फुगतो आणि आतल्या शूपासून दूर सरकतो. ब्रेकचे तेल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. जुन्या गाडीच्या मालकाला नवे ब्रेक हवेसे वाटतात ते यासाठी, आणि ही मागणी अगदी रास्त आहे.

240 झेडच्या हौशी मंडळींनी यावर एक नामी तोड काढली. टोयोटाच्या पिकअप आणि फोररनर गाड्यांचे चार पिस्टनांचे कॅलिपर तिच्या पुढच्या चाकांना मूळच्याच भोकांत बसतात. मूळ कॅलिपरला पिस्टन दोनच. मागचा धूळ अडवणारा पत्रा थोडा कापला की काम झाले. यातलाच रुंद कॅलिपर घेतला तर आतून हवा खेळणारी जाड डिस्क लागते, आणि ती योग्य जागी यावी म्हणून हबला खास बनवलेली चकती जोडावी लागते.

पण 'काम झाले' असे म्हणताच मला घाटातला कठडा दिसतो. नव्या कॅलिपरच्या पिस्टनांना हलायला तेल जास्त लागते, त्यामुळे पेडल खोल जाते. म्हणून मूळचा सात अष्टमांश इंची मास्टर सिलिंडर काढून पुढच्या 280 झेड एक्सचा पंधरा षोडशांश इंची बसवतात. तो एका दाबात सुमारे 15 टक्के जास्त तेल पुढे ढकलतो. पण पाय तितक्याच जोराने दाबला तर नळीतला दाब सुमारे 13 टक्क्यांनी घटतो. पुढचे ब्रेक जोरदार झाले की मागचे ड्रम आपला वाटा उचलेनासे होतात, म्हणून मागच्या ब्रेकचाही विचार करावा लागतो. तो करताना हात जरा सैल सुटला की झालीच आमची जीप! ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात. त्यांच्यावर प्रमाणाबाहेर जोर पडला तर ती आधी जाम होतात आणि गाडीची शेपटी पुढे यायला धावते. सारांश, एक भाग बदलला की बाकीचे सगळे भाग त्याचा जाब विचारतात. घरात नवी सून आल्यावर स्वयंपाकघरातला एक डबाच तेवढा हलत नाही, तसेच हे.

या प्रश्नावर दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष सोवळ्याचा. कारखान्यातून आला तो बोल्टही बदलू नये, असे तो म्हणतो. या पक्षाला माझे नम्र उत्तर असे, की स्पोर्ट्स कारचा इतिहासच मुळी बदलांचा आहे. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून जग्वारच्या सी-टाइप गाडीने 1953 साली ल मानची चोवीस तासांची शर्यत जिंकली. त्या दिवशी सोवळे पाळले असते, तर आज जपण्याजोगे 'मूळ' डिस्क ब्रेक कुणाच्या गाडीला असते?

दुसरा पक्ष हौसेचा. लाल रंगाचे मोठे कॅलिपर चाकातून दिसले की त्याला धन्य वाटते. हे लोक विसरतात की शेवटी गाडी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर. चाके जाम करण्याइतकी ताकद जुन्या ब्रेकमध्ये असेल, तर एका थांब्यापुरता नव्या ब्रेकने फारसा फरक पडत नाही; त्यांचा खरा उपयोग पुन्हा पुन्हा तापताना. शिवाय ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट 3 जातीचे ताजे तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असे मानक आहे. ओलावा शिरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा 140 अंश आहे. वर्षानुवर्षे तेल न बदलता नवे कॅलिपर मिरवणे म्हणजे गळक्या घराला रंग देणे होय.

कायदा या कामी किती साह्य करतो? आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. चासी, बॉडी शेल वा इंजिन यांत मोठा बदल नसावा, असे त्यांत नाव घेऊन म्हटले आहे; त्या यादीत ब्रेकचे नाव नाही. म्हणजे ब्रेकचा निर्णय बराचसा मालकाच्या विवेकावर येऊन पडतो. आणि हा विवेक खाजगी नव्हे. समोरून येणाऱ्या एस.टी.तल्या पन्नास माणसांचा त्याच्याशी संबंध आहे.

माझे मत एवढेच. जुन्या गाडीचे ब्रेक जरूर सुधारावेत. ती रस्त्यावर काढायची असेल तर ते कर्तव्यच आहे. पण आधी जे आहे ते नीट करावे: रबर, नळ्या, तेल. मग बदलायचे तर चारही चाकांचा हिशोब मांडून बदलावे. रिकाम्या, ओल्या रस्त्यावर, कमी वेगात, कुठले चाक आधी जाम होते ते पाहावे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा आणि काय बदलले ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या मालकाला मागे फिरता येईल. माझ्या मित्राच्या प्रश्नालाही, मला वाटते, हेच उत्तर लागू पडते.

मामांच्या जीपला आता मागे मूळ मापाचे सिलिंडर आहेत. ते मोठे सिलिंडर त्यांनी टाकून दिलेले नाहीत. गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवले आहेत, आणि कुणी "मामा, हे बसेल का?" असे विचारले की ते काही न बोलता तिकडे बोट दाखवतात.