थोरांच्या घरातली माणसं

मैत्रिणींनो, दळणाचा डबा ठेवायला गिरणीत गेलात की पट्टा फिरवणारी मोटार दिसते ना? छताचा पंखा, बोअरवरची मोटार, सगळी त्याच कुळातली. ही मोटार घडवणाऱ्यांत निकोला टेस्ला यांचं नाव मोठं. १८८८ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. जन्म १८५६ चा, स्मिल्यान या खेड्यात, सर्बियन घरात. गाव आज क्रोएशियात आहे. पण सर्बियन नामवंतांची यादी टेस्लांवाचून पुरी होत नाही.

त्यांच्या आईचं, जूकाबाईंचं नाव मात्र कोण घेतं? ही भावंडांत थोरली. आईची दृष्टी गेली आणि घर हिच्या अंगावर पडलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही. तरी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायची, सूत कातायची, विणायची, आणि काम हलकं व्हावं म्हणून अवजारं स्वतःच बनवायची. सर्बियन पोवाडे तिला तोंडपाठ. आपल्या आज्यांना जात्यावरच्या ओव्या असत तसे! आपली शोधक बुद्धी आईकडून आली, असं टेस्लांनीच लिहून ठेवलंय.

आणखी एक सर्बियन लेक, मिलेव्हा मारिच. जन्म १८७५. वडिलांनी खटपट करून तिला मुलांच्या शाळेत बसवलं. १८९६ मध्ये ती झुरिकला विज्ञान शिकायला गेली. वर्गात आइन्स्टाइन होते. शेवटच्या परीक्षेत दोनदा अपयश आलं. दुसऱ्या खेपेला तर तिला दिवस गेलेले होते. १९०३ मध्ये आइन्स्टाइनशी लग्न, १९१९ मध्ये घटस्फोट. पुढं आजारी धाकट्या मुलाचं करता करता १९४८ मध्ये ती गेली. पदवी राहिली ती राहिलीच.

तुम्ही म्हणाल, हे सगळं सातासमुद्रापलीकडचं. मग आपल्या धाराशिवचंच पाहा ना! सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला खो-खो संघानं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची ओढगस्त एवढी, की कित्येक वर्षं एका वेळच्या जेवणावर काढली, हे त्यांनीच सांगितलंय. आई शिवणकाम करायची, आजी-आजोबांच्या कमाईवर घर चालायचं. एकदा तर खेळ सोडायचं मनात आलं. तेव्हा आजीनं प्रशिक्षकांच्या कानावर घातलं, आणि सारिका मैदानावर परतल्या.

येरमाळ्याला येडाईच्या चैत्री यात्रेत भाविक चुनखडीचे खडे वेचतात. त्याच चुन्यानं देऊळ रंगतं. कुठला खडा कुणी वेचला, कुणी विचारत नाही. घरातल्या बायकांचंही तसंच, नाही का?

म्हणून एवढंच सांगणं. मुलगी किंवा सून शिकत असेल, खेळत असेल, तर संध्याकाळचा एक तास तिचा ठेवा. त्या वेळी भाकरी थापायला तिला हाक मारू नका; पोळपाट मुलाच्याही हाती द्या. आणि ‘आता पुरे’ म्हणायच्या आधी तिला एकदा विचारा, बाई, तुला काय वाटतं?